दिसेल असा दिवा

“नाही ओ ताई. हाही नको. काढा.”

भूपाल मगदूम काळ्या बॉनेटवर इतके वाकले होते की त्यांच्या श्वासाची वाफ रंगावर धरत होती. मी बटणापाशी उभी होते. तोंडात आलेले शब्द गिळून म्हटलं, “अण्णा, नीट तरी बघा. आत्ता कुठं लावलाय.”

“बघितलं की. दिवा दिसतोय. रेघ दिसत नाही.”

“मला दिसतेय.”

“तुम्हाला कुठं गाडी पुसायचीय?”

मागच्या दाराशी सीट साफ करत बसलेली त्यांची मुलगी स्नेहल हसली, पण बापाचा चेहरा बघून लगेच गप्प झाली. मी पेचकस काढला आणि सकाळपासून खपून बसवलेला तो दिवा उतरवायला लागले.

मी शैलजा कोष्टी. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. सांगलीत एका कंत्राटदाराकडं बरीच वर्षं राबले, आणि एक दिवस त्याच्या तोंडावर चाव्या टाकून स्वतःची कामं घ्यायला लागले. घरगुती पंखे, गिझर, पाण्याच्या मोटारी असलंच काय काय मिळायचं. अख्ख्या दुकानाचे दिवे ठरवायचे आणि बसवायचे, असं पहिलं काम मगदूमांचं. विश्रामबागेच्या पुढं त्यांची मोठी शेड होती. जन्मभर गॅरेजमध्ये गाड्या रंगवलेला माणूस, आता स्वतःचं डिटेलिंगचं दुकान काढून बसला होता. डिटेलिंग म्हणजे गाडी नुसती धुणं नव्हे. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो त्यावर फडक्यानं, धुळीनं, कुणी घाईत पुसल्यानं बारीक रेघा उमटतात. त्या शोधायच्या आणि मशीनला पॉलिश लावून, हात न चुकता, घासून काढायच्या. हात चुकला तर मशीनच नव्या रेघा उठवतं, गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्या सावलीत कुणाला दिसत नाहीत. गाडी उन्हात गेली की दिसतात, आणि तेव्हा मालक शेजारी उभा असतो.

म्हणून दिवे. शेडमध्येच रेघ दिसली पाहिजे, उन्हाची वाट बघायला लागू नये, एवढंच अण्णांचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटलं होतं.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं. छतभर पांढरे पॅनेल लावले. शेड दवाखान्यासारखी लख्ख झाली. येणारी गिऱ्हाइकं तोंड वर करून बघायची, फोटो काढायची. पण त्या उजेडात एक रेघ दिसेल तर शपथ! चहूकडून सारखा उजेड पडला की रेघेला सावलीच उरत नाही, गाडी आपली गुळगुळीत दिसते. हे मला स्नेहलनं दाखवलं. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून दारावर तिरका धरला आणि त्या एवढ्याशा ठिपक्याभोवती जाळं उठून दिसलं.

“हे बघा ताई. मोठा दिवा नको, बारीकच पाहिजे. आणि कडेनं.”

मग मी त्यामागं लागले. भिंतींना करडा रंग द्यायला लावला, म्हणजे भिंतीचा उजेड उलटून गाडीवर पडणार नाही. पॅनेलची बटणं वेगळी केली, पाहिजे तेव्हा अर्धे बंद करता यावेत. छोटे, एकवटलेला झोत टाकणारे दिवे आणले आणि हलवता येईल अशा उभ्या दांड्यावर बसवले. काळ्या गाडीला पांढरा झोत, पांढऱ्या गाडीला पिवळसर, हेही करून करून कळलं. पांढऱ्या गाडीवर पांढरा दिवा टाकला की डोळे दिपतात नुसते. स्नेहल प्रत्येक वेळी दोन पावलं इकडं, दोन तिकडं सरकून, खाली वाकून बघायची. असंच एकदा ती ओरडलीच, “हाच ताई! हाच पाहिजे होता!”

अण्णा पुढं आले. मान एका बाजूला तिरकी केली, मग दुसऱ्या. बराच वेळ बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले.

“पप्पा, अहो केवढ्या स्पष्ट दिसतात!”

“जरा जोराचा आणा ओ ताई.”

मी जोराचा आणला. तर म्हणाले, डोळ्यांत घुसतोय. त्याच्यावर दुधी काच लावली. तर म्हणाले, अंधार केला तुम्ही. उंचीवर लावला, नको. जमिनीलगत लावला, नको. एकदा कुणाच्या तरी मोबाइलवर परदेशातल्या दुकानात षटकोनी दिव्यांची जाळी बघून आले आणि तसली पाहिजे म्हणाले. मी पुण्याहून मागवली. बसवली. खाली गाडी उभी केली, तर बॉनेटवर मधमाश्यांचं पोळं उमटलं. मला स्वतःला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. अण्णांनी पोळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “दिसायला बरं आहे.” संपलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, त्या जाळीनं काम भागत नाही.

परत गेलेल्या मालापायी दुकानदार माझ्याशी तिरसट वागायला लागले. बाकीची कामं मागं पडली. घरी आई म्हणायची, “सोड की तो नाद. असली माणसं कधी समाधानी नसतात.” मलाही तसंच वाटायला लागलं होतं. काही माणसांना नवं काही केलं की त्यात खोट काढल्याशिवाय घास उतरत नाही, त्यातलेच हे, असं माझं मत झालं होतं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक वाटायचं. माझ्या जागी पुरुष असता, तर स्नेहलनं ‘हाच’ म्हटल्यावर यांनी मुकाट मान हलवली असती. हे मी कुणाला बोलले नाही, पण शिडी लावताना, उतरवताना ते मनात असायचंच.

सोडून दिलं नाही त्याला एक कारण होतं. शिरगुप्पे म्हणून एकांचं नवं मंगल कार्यालय बांधून होत आलं होतं. त्यांची गाडी अण्णांकडं यायची. एकदा ते शेडमध्ये आले तेव्हा दिवे बघून त्यांनी माझं नाव विचारलं होतं. “आमच्या हॉलचं बघाल का?” म्हणाले होते. तेवढ्यावर मी महिनाभर तरंगत होते. मगदूमांचं काम अर्धवट टाकलं असं त्यांच्या कानावर जाऊन चालणार नव्हतं.

ज्या गाडीवरून पुढं सगळं घडलं, तीही शिरगुप्प्यांचीच. काळी, लांबलचक, घरच्या लग्नासाठी चकचकीत करायला दिलेली. त्याच वेळी स्नेहल मैत्रिणीच्या साखरपुड्याला कोल्हापूरला गेली होती. “मी आल्यावर करू,” असं ती बापाला बजावून गेली होती, पण शिरगुप्प्यांना घाई होती आणि अण्णांनी गाडी एकट्यानं केली.

गाडी न्यायला शिरगुप्पे दुपारी आले. मी तिथंच होते, एक होल्डर बदलायला बोलावलं होतं. स्नेहलही नुकतीच बसमधून उतरून आली होती, पिशवी अजून खांद्यावरच होती. शेडमध्ये गाडी आरशासारखी दिसत होती. शिरगुप्प्यांनी कौतुक केलं, अण्णांनी हात जोडले. ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली.

बाहेर ऊन रखरखत होतं.

स्नेहलनं पिशवी खाली ठेवली. बॉनेटवर, टपावर, दारांवर, जिथं जिथं ऊन पडत होतं तिथं तिथं वर्तुळं उठली होती. नुसत्या जुन्या रेघा राहिल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. या नव्या होत्या, मशीननं काढलेल्या, एकीत एक अडकलेल्या. लहान पोरानं घासणीनं गाडी धुतल्यासारखी दिसत होती.

“मगदूम,” शिरगुप्पे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. “हे काय आहे?”

अण्णा गाडीकडं बघत होते. मग ते वळले ते थेट माझ्याकडं.

“दिवे, साहेब. दिवेच चुकीचे बसवलेत. किती महिने सांगतोय यांना. आत काही दिसतच नाही, तर माणूस काम कसं करणार?”

मला ऐकू आलं ते नीट कळायलाच वेळ लागला. शिरगुप्प्यांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

“बरं झालं आधी कळलं,” ते म्हणाले. “बाई, आमच्या हॉलचं मग राहू दे सध्या.”

माझे कान तापले. त्या माणसापायी मी किती वेळा शिडी चढले-उतरले, किती दुकानदारांची बोलणी खाल्ली, ते सगळं आठवलं. पण रडायला आलं असतं तर मेलेच असते. मी म्हटलं, “शिरगुप्पेसाहेब, पाच मिनिटं थांबा. गाडी आत घ्या.”

“आता काय उपयोग?”

“नाव माझं घेतलंय. पाच मिनिटं द्या मला.”

गाडी आत आली. मी दार ओढून घेतलं. छतावरची सगळी बटणं बंद केली आणि तो एकच उभा दिवा, स्नेहलनं ‘हाच’ म्हटलेला, जो मी हट्टानं परत न देता कोपऱ्यात ठेवला होता, तो बॉनेटच्या कडेला आणून लावला. झोत तिरका केला. जाळं उजळलं. उन्हात दिसलं होतं त्याहून स्पष्ट.

“साहेब, दिसतंय?”

“दिसतंय की,” शिरगुप्पे म्हणाले. ते वाकलेही. “चांगलंच दिसतंय.”

“स्नेहल?”

“दिसतंय, ताई.” तिचा आवाज बारीक झाला होता.

“आता अण्णा, तुम्ही दाखवा. कुठंय रेघ? बोट ठेवा.”

मला तेव्हा दया नव्हती, खरंच नव्हती. या माणसाच्या तोंडून ‘दिसतंय’ एवढा एक शब्द वदवून घ्यायचा होता. तोही शिरगुप्प्यांच्या समोर.

अण्णा पुढं झाले. वाकले. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरकी. चेहरा इतका खाली नेला की नाक रंगाला लागेल. बोट पुढं आलं, हवेत थोडं थांबलं, आणि बॉनेटवर टेकलं.

“ही काय,” ते म्हणाले.

तिथं काही नव्हतं. मशीन न फिरलेली, कडेची मोकळी जागा होती. रेघा वीतभर अलीकडं होत्या.

मी स्नेहलकडं बघितलं. ती बोटाकडं बघत होती. शिरगुप्पे पुढं वाकून म्हणाले, “मगदूम, अहो बोट कुठं ठेवताय?”

मी जिंकले होते. फक्त तोंड उघडायचं होतं. ‘दिवा बरोबर आहे साहेब, माणसालाच दिसत नाही,’ एवढं म्हटलं असतं तर हॉलचं काम त्याच पावली परत मिळालं असतं. माझं नाव स्वच्छ झालं असतं. मी तोंड उघडलंही.

“प्लग सैल झालाय वाटतं,” मी म्हटलं. “दिवा हलतोय, त्यामुळं फसगत होते.” आणि जाऊन प्लग काढला.

शेडमध्ये अंधार झाला. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन तेवढं जमिनीवर पडलं होतं. मी प्लग हातात धरून उभी. असं का बोलले ते माझं मलाच कळत नव्हतं, आणि स्वतःचाच राग येत होता.

“प्लग सैल नाही, ताई,” अण्णा म्हणाले. “लावा परत.”

मी हलले नाही.

“लावा म्हणतो ना.”

मी लावला. अण्णा सरळ उभे राहिले होते. त्यांनी हात पुसायला उगाच खांद्यावरचं फडकं घेतलं.

“साहेब, दिव्यात काही खोट नाही. ताईंनी बरोबर दिवा लावलाय, आणि तो कधीचाच लावलाय. मला दिसत नाही.”

“तरी मी म्हणत होते, चष्म्याचा नंबर बदला म्हणून...” स्नेहल बोलायला लागली.

“चष्म्याचं नाही पोरी. काचबिंदू आहे.”

शिरगुप्प्यांनी घसा खाकरला. स्नेहल बापाकडं बघत होती.

“म्हणजे तुम्ही मिरजेला जाता ते?”

“डॉक्टरकडं.”

“पॉलिशचं सामान आणायला जातो म्हणायचात.”

“सामानही आणायचो की,” अण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. स्नेहल दोन्ही डोळे मनगटानं पुसत मागच्या बाजूला निघून गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. शिरगुप्प्यांना तिथं उभं राहणं जड झालं. “गाडी राहू दे,” ते म्हणाले, “पोरीकडून नीट करून घ्या. लग्नाच्या आधी दिली म्हणजे झालं.” जाताना माझ्याजवळ थांबल्यासारखे झाले, पण तसेच निघून गेले.

अण्णा शेडच्या बाहेर सावलीत पायरीवर जाऊन बसले. मी माझं सामान पिशवीत भरत होते. खरं तर निघूनच जायचं होतं मला. पण त्यांच्या बाजूनंच वाट होती.

“बसा ताई,” ते म्हणाले.

मी बसले. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत ते थांबले.

“तुमचं काम घालवलं मी.”

“हो,” मी म्हटलं. उगाच कशाला नाही म्हणायचं?

“दोन दिवाळ्या झाल्या. आधी कडेकडेचं जायला लागलं. माणूस बाजूनं आला की दचकायचो. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली टिकवायची. थेंब घालतोय. मग कडेचं सोडा, समोरचंही पुसट झालं. कप दिसतो, दार दिसतं, तुम्ही दिसता. बारीक रेघ तेवढी नाही दिसत.” ते थांबले. “आता पोटापाण्याचं कामच बारीक रेघेचं, तर काय करणार?”

“स्नेहलला सांगायचं होतं.”

“तिनं सगळं सोडून माझं करत बसावं? ती पुण्याला जायचं म्हणत होती, मोठ्या दुकानात शिकायला. सांगितलं असतं तर गेली असती का?”

एवढे महिने तो माणूस जोराचा आणा, मंद आणा, वर लावा, खाली लावा म्हणत होता, आणि मी गाडीसाठी दिवा शोधत होते.

“एक विचारू का?” ते म्हणाले. “तुम्ही या धंद्यातल्या. असा दिवा असतो का ओ कुठं? महाग असू दे. बाहेरच्या देशातला असू दे.”

मला त्यांच्याकडं बघवेना. समोर गटारीच्या कडेला कुणीतरी टाकलेलं जुनं टायर होतं, त्याच्याकडं बघत मी म्हटलं, “नाही अण्णा. असा दिवा नसतो.”

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “पण तुम्ही दर वेळी नवा घेऊन यायचात ना. तुमची शिडी लागली की वाटायचं, या वेळी असेल.”

आतून स्नेहलची हाक आली. मग ती स्वतःच बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं, केस ओले होते, आणि ती रागावलेलीच होती.

“उठा. मिरजेला जायचंय.”

“आत्ता? आज नंबर कुठं लागतोय?”

“नाही लागला तर बसू तिथं. डॉक्टरांशी मी बोलणार आहे. तुम्ही मधे बोलायचं नाही.”

“आणि गाडी?”

“गाडी थांबेल. शिरगुप्पेही थांबतील.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “ताई, शेड तेवढी बंद करून जाल? किल्ली शेजारच्या पंक्चरवाल्याकडं द्या.”

अण्णा उठले. पायरी उतरताना त्यांनी पाय आधी चाचपून टाकला. हे मी कितीदा बघितलं असेल, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. स्नेहलनं स्कूटर सुरू केली, ते मागं बसले आणि एक हात तिच्या खांद्यावर ठेवला.

याला आता बरीच वर्षं झाली. शिरगुप्प्यांनी हॉलचं काम दुसऱ्यालाच दिलं. आधीच शब्द देऊन बसलो होतो, असं कुणाकडून तरी कळवलं. त्यांची गाडी स्नेहलनं केली, लग्नाच्या आधी, चांगली झाली. ती पुण्याला काही गेली नाही. त्यावरून बापलेकीची बरीच भांडणं झाली आणि ती मी स्वतः ऐकली, कारण त्यानंतरही त्यांचं काम माझ्याकडंच राहिलं. अण्णांनी मशीन पुन्हा हातात घेतलं नाही. ते पुढच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, आणि दिव्यांचा विषय निघाला की तोंड भरून माझं नाव सांगायचे. त्या जोरावर मला पुढं खूप कामं मिळाली. मला ती कामं घेताना दर वेळी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, पण घेतली.

त्या दिवशी मात्र ती दोघं गेल्यावर मी शेडमध्ये एकटीच होते. कोपऱ्यात माझेच उतरवलेले दिवे खोक्यांत रचून ठेवले होते, काही परत न गेलेले, काहींची पिशवीही न फोडलेली. काळी गाडी मधोमध उभी होती. तो एक दिवा तसाच चालू राहिला होता. मी दार ओढून घेतलं आणि जवळ गेले. बॉनेटवरची वर्तुळं एकूण एक दिसत होती, कुठं हात थांबला, कुठं परत फिरला, कुठं त्या माणसानं काही न दिसता नुसत्या अंदाजानं पुन्हा पुन्हा घासलं, सगळं. इतके दिवस मला एवढंच ऐकायचं होतं की दिवा बरोबर आहे, आणि ते आज त्यांनी शिरगुप्प्यांसमोर सांगितलंही होतं. मी जरा वेळ तशीच बघत उभी राहिले. मग बटण दाबून तो बंद केला आणि चाचपडत दार शोधलं.